गळ्याचं माप

१

अमरावतीच्या राजापेठेतल्या ज्योत्स्ना काळमेघ यांच्या घरी सकाळी सहाला पहिली बॅच बसायची आणि संध्याकाळी साडेसातला शेवटची सुटायची. खाली जिन्याशी पोरापोरींच्या गाड्यांची दाटी, वर हॉलमध्ये चाळीस खुर्च्या, एक पांढरा फळा आणि फळ्यापुढे बाई. तीस वर्षं त्यांनी बारावीचं रसायनशास्त्र शिकवलं. पोरं म्हणत, काळमेघ मॅडमले एक अणू इकडचा तिकडं झालेला खपत नाही. खोटं नव्हतं ते. समीकरणाच्या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय बाई पुढची ओळ लिहीत नसत.

या तीस वर्षांत त्यांनी स्वतःच्या कमाईतून अकरा हिरे घेतले होते. एकदम नाही. एखाद्या वर्षी निकाल झकास लागला की एक. मोठे नव्हते, पण प्रत्येक हिरा त्यांनी स्वतः भिंगाखाली धरून, दहांदा उलटसुलट करून घेतलेला. एकुलती एक लेक आरती पुण्याला नोकरीत होती आणि मे महिन्यात तिचं लग्न होतं. हे अकरा हिरे तिच्या गळ्यात पडावेत एवढीच बाईंची हौस होती.

हार कसा हवा, तेही पक्कं होतं. घरामागे कडुनिंब होता. चैत्रात त्याचा मोहोर खालच्या फरशीवर पडायचा, कुठे दाट, कुठे विरळ. तसा हार. सोन्याची अकरा बारीक फुलं, प्रत्येकाच्या पोटात एक हिरा, आणि फुलांमधलं अंतर सारखं नाही. अगदी गळ्यालगत बसणारा. बाईंनी कागदावर चित्र काढलं आणि जानेवारीपासून सराफ धुंडाळायला सुरुवात केली.

तिथून डोक्याला ताप सुरू झाला.

"मॅडम, निंब कोण घालते लग्नात? मोर घ्या ना. मोर चालून राहिला सध्या," एका गुळगुळीत दुकानातला विक्रेता म्हणाला. दुसऱ्याने मान डोलावून चित्र ठेवून घेतलं आणि आठ दिवसांनी कॉम्प्युटरवर फुलं पट्टीने आखल्यासारखी ओळीत बसवून दाखवली. "असं सिमेट्रीत बरं दिसते." तिसऱ्याने फुलांची बिस्किटं केली. नागपूरच्या एका बड्या शोरूममध्ये कॉफी दिली, सोफ्यावर बसवलं, आणि शेवटी सांगितलं की आम्ही गिऱ्हाइकाचे खडे वापरत नाही, आमचेच घ्यावे लागतील. बाईंनी कॉफी अर्धी ठेवली आणि उठल्या.

मार्च उजाडला तरी हार कागदावरच. घरी खुशालराव, म्हणजे त्यांचे मिस्टर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, वैतागून म्हणाले, "अवं, घेऊन टाक ना एखादा तयार. पोरीले काय फरक पडते?"

"मले पडते," बाई म्हणाल्या.

२

नियाज नावाच्या कारागिराचं नाव तहरीमने सांगितलं. तहरीम त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता अकोल्यात डॉक्टर. "मॅडम, आमच्या मोहल्ल्यात आहेत. मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या त्यांच्याकडून काम करून घेतात. बाहेर बोर्ड नाही. विचारत जावं लागेल."

अकोल्याच्या जुन्या शहरातल्या एका गल्लीत लोखंडी दार होतं. बेल दाबली की वरचा कॅमेरा पाहायचा, आतून कोणी बटण दाबलं की दार 'झर्र' करून उघडायचं. आत एकच लांबट खोली. काचेचं टेबल, टेबलाच्या अलीकडे दोन खुर्च्या, पलीकडे नियाज. पंचेचाळिशीचा, शांत, डोळ्याला भिंग लावायची सवय असल्याने एक भुवई कायम चढलेली. मागच्या पडद्याआड पॉलिशची मोटर घरघरत होती.

त्याने चित्र हातात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "हा मोहोर झाडावरचा हाये का जमिनीवरचा?"

तीन महिन्यांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. बाईंनी खुर्ची टेबलाशी ओढली. "जमिनीवरचा," त्या म्हणाल्या.

"मंग याले उलटसुलट पडू द्या लागन. एखादं फूल पालथं."

बाईंनी हिरे मोजून दिले. आरतीच्या गळ्याचं माप त्यांनी दिवाळीत टेपने घेतलं होतं, साडेचौदा इंच. नियाजने तेवढा लाल दोरा कापला, दोन्ही टोकांना गाठ मारली, चिठ्ठी बांधली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला. दोन आठवड्यांनी या म्हणाला, आधी चांदीत नमुना दाखवतो. परतीच्या बसमध्ये बाईंना मूर्तिजापूर येईपर्यंत झोप लागली. किती दिवसांनी अशी लागली होती.

३

दोन आठवड्यांनी त्या गेल्या तेव्हा एप्रिल तापायला लागला होता. नियाजची आई कुलसुमबी पडद्यामागून आली आणि टेबलावर पाण्याचे दोन ग्लास ठेवून गेली. एक बाईंपुढे, दुसरा शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे. बाईंना वाटलं, म्हातारं माणूस आहे, कोणी अजून येणार असेल.

नियाजने नमुना मखमलीवर ठेवला. चांदीचा होता, हिऱ्यांच्या जागी काचा होत्या, तरी बाईंच्या अंगावर काटा आला. कागदावरचं त्यांचं चित्र याच्यापुढे बालिश वाटत होतं. एक फूल खरंच पालथं पडलं होतं. पण बाईंची नजर ती बाईंची नजर. त्यांनी पर्समधून टेप काढली आणि लावली.

"हा चौदा आहे."

"हो," नियाज म्हणाला.

"मी साडेचौदा सांगितलं होतं."

"पहिले सांगतलं होतं. मंग बुधवारी तुमीच येऊन अर्धा इंच कमी करायले लावला ना."

"मी? बुधवारी?" बाई हसल्याच. "नियाजभाई, दुसरं कोणी असेल. मी आज दुसऱ्यांदा येतेय तुमच्याकडे."

नियाजही हसला, पण जरा जपून, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये तसा. "मॅडम, मस्करी करून राहिल्या का? अडीचच्या सुमाराले आल्ता तुमी. स्वतःच्या हातानं माप घेतलं." त्याने खिळ्यावरचा दोरा काढून दाखवला. त्याची जुनी गाठ सोडून अर्धा इंच आत नवी मारलेली होती. बाई पदराला, पिशवीला, परीक्षेच्या पुरवण्यांना मारत तशी, दोन वेढ्यांची.

बाईंचं डोकं सणकलं. चूक करायची आणि गिऱ्हाइकाच्या माथी मारायची, हा धंदा त्यांनी चार महिन्यांत भरपूर पाहिला होता. फक्त याच्याकडून ही अपेक्षा नव्हती. त्यांनी आवाज चढवला. नियाजने चढवला नाही. "ठीक हाये, साडेचौदा करतो," एवढंच म्हणाला. निघताना पडद्याआडून कुलसुमबी काहीतरी पुटपुटलेली त्यांनी ऐकली, पण मोटरच्या आवाजात ते कळलं नाही.

४

घरी येऊन त्यांनी हजेरीचं रजिस्टर काढलं. बुधवार, दोन ते चार, सेंद्रिय रसायन, सदतीस हजर, खाली त्यांची सही. म्हणजे अडीच वाजता त्या याच हॉलमध्ये होत्या. समीकरण जुळलं. नियाज चुकला.

तरी रात्री त्यांना आपल्या आईची आठवण आली. शेवटच्या दोन वर्षांत आई जेवून उठायची आणि विचारायची, आज स्वयंपाक नाही का वं केला? बाईंनी अंधारात डोळे मिटून मूलद्रव्यांची सारणी म्हणायला सुरुवात केली. हायड्रोजनपासून एकेक करत किती पुढे गेल्या, पण कुठे अडल्या नाहीत. मग हे काय?

"माणूस चुकते," खुशालराव कूस बदलत म्हणाले. "दिवसाले पन्नास बाया येत असतीन त्याच्याकडं."

पुढच्या खेपेला त्या न कळवता गेल्या. कुलसुमबीने पुन्हा दोन ग्लास ठेवले. नियाजने मखमल उलगडली. आता सोनं होतं, हिरे बसलेले होते. अकराही. बाईंनी त्याच्याकडे न बघता टेप लावली. साडेतेरा.

"नियाजभाई!"

"मॅडम, मी तुमाले म्हटलं होतं." त्याच्या आवाजातही आता चीड होती. "म्हटलं, साडेतेरा लई बारीक होते. तुमी म्हटलं, मले अक्कल शिकवू नका, मी सांगते तसं करा. हे पहा." त्याने वही पुढे सरकवली. मंगळवारची तारीख, 'गळा साडेतेरा', खाली सही. बाईंची सही. 'ज्योत्स्ना'तल्या जोडाक्षराची ती घाईतली गिचमीड दुसऱ्या कोणाला जमणार नव्हती.

"ही मी केलेली नाही."

"मंग कोणी केली?"

बाईंनी वही मिटून परत सरकवली. त्यांनी टेबलावर हात आपटला. म्हणाल्या, पुढच्या शनिवारी साडेचौदाचा हार तयार पाहिजे, नाहीतर हिरे परत. दुसरा ग्लास हिंदकळला आणि पाणी रिकाम्या खुर्चीत सांडलं. पडद्यातून डोकावणारी कुलसुमबी चटकन पुढे झाली आणि ओढणीच्या टोकाने खुर्चीवरची हवा पुसल्यासारखं काहीतरी करू लागली. बाई तोवर दाराकडे वळल्या होत्या.

५

शनिवारी आरती पुण्याहून येणार होती. ट्रॅव्हल्स साडेअकराला अमरावतीत पोचायची. बाईंनी ठरवलं, सकाळीच अकोल्याला जायचं, हार बरोबर असेल तर घ्यायचा, नसेल तर हिरे घेऊन दुपारपर्यंत घरी यायचं.

पण वाटेत बस बंद पडली आणि पोचायला बारा वाजले. दार 'झर्र' करून उघडलं तेव्हा नियाज उठून उभाच राहिला. त्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काही राहिलं का मॅडम?"

"हार."

"हार तर तुमी घेऊन गेल्या. सकाळीच, नवाच्या पहिले. मी दुकान उघडून राहिलो होतो."

बाई खुर्चीत बसल्या. राग यायला हवा होता, पण आला नाही. शांतपणे, मंद विद्यार्थ्याला सांगतात तशा त्या म्हणाल्या, "नियाजभाई, कॅमेरा आहे ना? दाखवा."

त्याने भिंतीवरचा स्क्रीन लावला. रेकॉर्डिंग फक्त आतल्या कॅमेऱ्याचं व्हायचं; तो दाराच्या वर होता, त्यामुळे नियाजचा चेहरा दिसे, गिऱ्हाइकाची पाठ. दार उघडलं. एक बाई आत आली. फिकी पिवळी साडी, डाव्या खांद्याला काळी पर्स. आज बाईंच्या अंगावर फिकी पिवळीच होती. स्क्रीनवरची बाई खुर्चीत बसली नाही. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. डाव्या हाताने तिने हवेतून काहीतरी उचलून धरलं, मानेवरचे केस बाजूला करतात तसं. मग लाल दोरा घेतला आणि दोन्ही हातांनी हवेत गोल फिरवला. दोरा लोंबला नाही. गोल राहिला. बाईने टोकं ओढली, अजून ओढली, आणि गाठ मारली.

स्क्रीनवरचा नियाज त्या दोऱ्याच्या मापाने हार आखूड करता करता रिकाम्या खुर्चीकडे पाहून हसत होता, काहीतरी बोलत होता.

"कोणाशी बोलताय तुम्ही?"

नियाजने स्क्रीनवरून नजर काढली नाही. त्याच्या कपाळावर घाम फुटला होता. "तुमच्या पोरीशी," तो म्हणाला. "आरतीशी. दर बारीले तुमच्यासंगच तर येते. इथंच बसली होती, मॅडम. याच खुर्चीत."

बाई ज्या खुर्चीत बसल्या होत्या तिच्यातून उठल्या.

"अम्मी तिच्यासाठीच तर पाणी ठेवते," नियाज म्हणाला. "कधी बोलत नाही पोरगी. मी आज विचारलं, बेटा, तब्येत बरी नाही का, कारण दर बारीले तिचा गळा…" तो थांबला. "दोरा बरोबर होता, मॅडम. गळाच बारीक होऊन राहिला होता."

६

नियाजनेच गाडी काढली. तो दुकानाला कुलूप घालत असतानाच बाईंनी घरी फोन लावला होता.

"हं, बोल," खुशालराव म्हणाले.

"आरती पोचली का?"

"अवं, तूच तर घेऊन आली तिले स्टँडवरून." पलीकडे पंख्याचा आवाज येत होता. "कुठून बोलून राहिली? आतच तर आहात दोघी. हार लावून पाहून राहिल्या ना?"

"मी अकोल्यात आहे. अहो, ऐका. मी अकोल्यात आहे. आत जा आणि दार उघडा."

"ह्या उन्हात मस्करी सुचते तुले," ते हसले. "चहा ठेव बाहेर आल्यावर." आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर वाजत राहिला. जेवण झालं की खुशालराव फोन टेबलावर टाकून झोपाळ्यावर आडवे होत, हे बाईंना ठाऊक होतं.

त्यांनी समोरच्या माणिकबाईंना लावला. "माणिकबाई, जरा आमच्याकडे जाता का?" त्यावर माणिकबाई गोंधळून म्हणाल्या, "काहून वं? आत्ताच तर तू खिडकीत दिसली मले. हात केला की तुले."

आरतीला लावला. तीनदा कट झाला. चौथ्यांदा मेसेज आला: "कोण आहात तुम्ही? आईचा फोन तुमच्याकडे कसा? आई इथे माझ्याजवळ आहे."

बाईंनी तो दोनदा वाचला. पोलिसांना फोन करावा असं त्यांना वाटलं आणि सांगायचं काय, ते सुचेना. माझ्या घरात मी शिरले आहे? बोरगाव गेलं, मूर्तिजापूर गेलं. रस्त्यावर उन्हाचं पाणी तरळत होतं. नियाज गाडी पळवत होता. बाई पुन्हा पुन्हा नंबर दाबत होत्या, आणि पुन्हा पुन्हा कोणीतरी हलक्या हाताने कट करत होतं. त्यांना रडूही येत नव्हतं. आयुष्यभर त्यांनी सांगितलेलं लोकांनी लिहून घेतलं होतं. आज त्या एक साधं वाक्य सांगत होत्या, आणि ते कोणी ऐकून घेत नव्हतं.

७

दोनला त्या घरी पोचल्या. नियाज खाली गाडीपाशीच थांबला. जिना चढून त्या हॉलमध्ये आल्या तेव्हा खुशालराव झोपाळ्यावर डोळे चोळत उठून बसत होते.

"तू… बाहेर कधी गेली?"

बाई तशाच पुढे गेल्या. आतल्या खोलीचं दार बंद होतं. त्यांनी ढकललं. आतून कडी होती. कुलरची घरघर, आणि त्या घरघरीखाली आरतीचा आवाज, बारीक, अडकत येणारा.

"आई, बस ना. श्वास घेता येत नाहीये."

"आरती!" बाईंनी दारावर दोन्ही तळवे मारले. "आरती, मी आहे! मी आई! कडी काढ!"

आत सगळं थांबलं. मग आरतीने विचारलं, "आई, बाहेर कोण आहे?"

"कोणी नाही," आतून उत्तर आलं. "मान सरळ ठेव."

तो बाईंचा आवाज होता. त्यांना स्वतःच्या डोक्यात ऐकू येतो तसा नाही; मोबाइलवर रेकॉर्ड केलेल्या लेक्चरमध्ये ऐकू येई तसा, किंचित पातळ, थकलेला, चुकीला जागा न देणारा. त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. खुशालरावांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांनीही ऐकलं. ते पुढे आले आणि खांदा दाराला लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निखळली.

आरती आरशापुढे स्टुलावर बसली होती. डोळे मिटलेले, हनुवटी वर, ओठ काळेनिळे. गळ्यात हार होता आणि हिरे कातडीत रुतले होते. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पण आरतीचे लांब केस मानेवरून वर उचललेले होते. एका मुठीत धरावेत तसे, डोक्याच्या वर हातभर, हवेत. बाईंनी ते पाहिलं, आणि मग ते केस सुटले आणि तिच्या पाठीवर पडले.

बाई धावल्या. त्यांची बोटं आरतीच्या मानेपर्यंत पोचली मात्र, तिने डोळे उघडले, त्यांना पाहिलं आणि किंचाळायला तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ती स्टुलासकट मागे भिंतीपर्यंत सरकली. दोन्ही हात पुढे केले. तिची नजर बाईंच्या तोंडावरून दाराकडे, दारावरून पुन्हा बाईंकडे फिरत होती.

"तू कोणती?" तिने विचारलं.

ज्योत्स्नाबाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. आईच सांगू शकेल असं काहीतरी हवं होतं: तिचा पहिला दात, तिचं आजारपण, तिला आवडणारी भाजी. आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं त्या दुसरीलाही ठाऊक असेल.

"बाबा," आरती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुम्ही काढा. तिला हात लावू देऊ नका."

खुशालरावांनी तिच्या मानेमागे बोटं घातली. बारीक कामाची सवय नव्हती. हुक सापडायलाच किती वेळ गेला. हार सुटला तेव्हा आरतीच्या गळ्याभोवती अकरा लाल ठिपके उमटलेले होते, कुठे दाट, कुठे विरळ. ती बापाच्या छातीला टेकून लांब लांब श्वास घेत राहिली. तोवर बाई उंबऱ्याच्या बाहेर, लेकीने बोट दाखवलं होतं तिथे, हात मागे बांधून उभ्या होत्या.